दोन सुतांची रेघ

चिलारवाडीत कुणाचंही घर निघो, पायाची पहिली दोरी गुंडा गवंड्याची. पुढचं काम वडूजच्या ठेकेदाराला जावो नाहीतर परमुलखातल्या पोरांना, खुंट्या ठोकून दोरी ताणायची ती गुंडानंच, अशी गावाची रीतच पडून गेली होती. मालकानं नारळ फोडायचा, गुंडाच्या खांद्यावर कोरा टॉवेल टाकायचा आणि गुंडानं चारी कोपरे गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, आणून द्यायचे. तीस वर्षांत त्याचा एक कोपरा चुकला नव्हता. टॉवेल इतके साठले होते की बनूबाई म्हणायची, "आवं, एखांद्याचं घर ऱ्हाऊ द्या की बिनटॉवेलाचं. ट्रंक मिटंना झालीया."

अशा माणसाला स्वतःचं घर मात्र नव्हतं. गावाच्या कडेला, सडकेला लागून बापाची जागा होती. सडकेच्या बाजूला साठ फूट रुंद, मागे ऐंशी फूट खोल. तिथे पत्र्याच्या एका खोलीत गुंडा आणि बनूबाई राहत. मागच्या अंगाला बाप असताना मारलेली बोर होती. जागा दोघा भावांची. धाकटा सयाजी शिरवळला एका कंपनीत सुपरवायझर. तिकडे त्याचा स्वतःचा फ्लॅट होता, गाडी होती. गुंडाची एकुलती एक लेक क्रांती त्याच्याकडेच राहून त्याच कंपनीत नकाशे काढायच्या कामाला होती. चुलत्यानंच, तिच्या तात्यानंच, तिला चिकटवली होती, आणि गुंडा ते उपकार उठता बसता बोलून दाखवायचा.

क्रांतीला रेघ मारायला कुणी शिकवलं असेल तर बापानं. सातवीत असताना तिला काटकोन कळेना. गुंडानं तिला अंगणात नेलं, दोरीला तीन फुटांवर एक, तिथून चार फुटांवर एक आणि तिथून पाच फुटांवर एक अशा गाठी मारल्या, तीन खुंट्यांना ताणून दाखवलं, आणि म्हणाला, "ह्यो बघ. देवानं बी ह्यापरास सरळ कोपरा केला न्हाई." मग बाजारातून तिला कंपासपेटी आणून दिली. त्यातले दोन पारदर्शक गुण्ये घेऊन पोरीनं त्यालाच धडा दिला. एक गुण्या हातानं दाबून धरायचा, दुसरा त्याच्या कडेवरून सरकवत न्यायचा, आणि एकीला एक समांतर अशा पाहिजे तितक्या रेघा मारायच्या. खुंट्या नाहीत, दोरी नाही, घाम नाही. गुंडा बराच वेळ नुसता बघत राहिला आणि मग म्हणाला, "आमी उगंच उन्हात मेलो."

एक खोड मात्र तिला बापाची लागली. गवंड्याची दोरी कोपऱ्यावर थांबत नाही. कोपऱ्याच्या पुढे हातभर जाऊन खुंटीला बांधतात, त्यामुळे दोन दोऱ्या एकमेकींना छेदतात तिथे कोपरा कळतो. क्रांती कागदावरही तसंच करायची. चौकोन काढला की चारी कोपऱ्यांवर रेघा जराशा पुढे गेलेल्या. मास्तर गुण कापायचे. पोरगी ऐकायची नाही. पुढे डिप्लोमा झाला, नोकरी लागली, तरी तिच्या हातची रेघ कोपऱ्याच्या पुढे जायचीच.

यंदा पावसानं खटावाकडे पाठ फिरवली. माघातच टँकर सुरू झाला. पाण्यावाचून बांधकाम होत नाही, म्हणून तालुक्यातली निम्मी कामं बंद पडली आणि गुंडाच्या थापीला गंज चढायची वेळ आली. त्या वाळलेल्या गावात पाणी टिकून होतं ते गुंडाच्या दारामागच्या बोरला. दिवसाकाठी दोन तास का होईना, मोटर चालत होती. गुंडानं मनाशी ठरवलं, दुसऱ्याचं काम नाही तर नाही, यंदा आपलं घर बांधायचं. पन्नाशी उलटली. पत्र्याखाली आणखी किती उन्हाळे काढायचे?

सयाजीच्याही मनात बांधकामच होतं. फाल्गुनातल्या एका रविवारी तो गाडी घेऊन आला. चहा झाला, पाण्याच्या गप्पा झाल्या आणि तो म्हणाला, "दादा, आता वाटणी करून टाकू. मला सडंला दुकानाचं गाळं काढायचं हायत."

"मी तेच म्हणनार हुतो," गुंडा म्हणाला. "गाळं काढायचं तर सडंची बाजू तू जादा घे. पस्तीस फूट तुला, पंचवीस मला. बोर तेवढी माझ्या वाटणीत येऊ दे. मला हितंच ऱ्हायचं हाय, तू तर शिरवळात."

"चालतंय की."

"रेघ सडंला काटकोनात मागं जायची बघ."

"मग काय वाकडी जाईल व्हय, दादा?" सयाजी हसला.

दोघांनी मिळून पस्तीस फुटांवर खुंटी ठोकली. गुंडानं आपला सागवानी गुण्या लावून मागपर्यंत दोरी ताणली. बोर दोरीच्या तीन फूट आत आली, गुंडाच्या बाजूला. सयाजीनं स्वतः टेप धरून मोजलं. "झालं तर मग. कागदाचं मी बघतो. नकाशा क्रांतीकडनंच काढून घीऊ, घरातल्या घरात." गुंडानं दोरी गुंडाळून पिशवीत टाकली. त्याच्या लेखी वाटणी तिथेच झाली होती.

वडूजला सह्या झाल्या त्या दिवशी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पंखा होता, फिरत नव्हता. क्रांतीला रजा मिळाली नाही असं सयाजीनं सांगितलं. कारकुनानं कागद पुढे सारले आणि बोटानं सहीच्या जागा दाखवल्या. मजकुरात लिहिलं होतं, वाटणीची रेघ 'सोबतच्या नकाशात दाखवल्याप्रमाणे'. गुंडानं शेवटचं पान उलटलं. नकाशा होता. हातानं काढलेला, बारीक, नीट. चारी कोपऱ्यांवर रेघा जराशा पुढे गेलेल्या.

गुंडाचा चेहरा फुलला. "सायेब, ह्यो नकाशा माझ्या लेकीनं काढलाय," तो कारकुनाला म्हणाला.

"हं. इथं सही करा."

दुसऱ्याच्या भिंतीत सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक असला तर लांबून ओळखणारा हा माणूस. पण लेकीच्या रेघेला त्यानं बोटसुद्धा लावून पाहिलं नाही. पोटच्या पोरीच्या कामाला कोण गुण्या लावतो? त्यानं तीन ठिकाणी सही केली. येताना बनूबाईसाठी पावशेर जिलबी घेतली.

त्यानंतर पंधरा दिवस तो मायणीकडे एका देवळाच्या ओवरीच्या कामावर होता. परत आला तो सयाजीनं मोजणीदार आणून नकाशाप्रमाणे दगड रोवून घेतलेले. पांढऱ्या रंगाचे दोन दगड, एक सडकेला, एक मागे. गुंडानं येता येता नजर टाकली, बरं झालं म्हणाला, आणि अंघोळीला गेला.

अक्षय तृतीयेला त्यानं घराचा पाया आखायला घेतला. अठरा फूट रुंद, तीस फूट लांब. दोन खोल्या, सोपा, मागे न्हाणी. टॉवेल टाकायला मालक कोण? बनूबाईनं ट्रंकेतला एक काढून त्याच्या खांद्यावर टाकला, नारळ फोडला आणि म्हणाली, "आज तुमीच मालक न् तुमीच गवंडी." गुंडा लाजला. मग त्यानं आधी हद्द बघावी म्हणून सडकेच्या दगडापासून मागच्या दगडापर्यंत दोरी ताणली.

दोरी ताणली आणि बोर दोरीच्या पलीकडे. फार नाही, वीतभर. पण पलीकडे.

त्यानं दोरी सोडली, पुन्हा बांधली. डोळा मिटून दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. बोर पलीकडेच.

"काय झालं वो?" बनूबाईनं विचारलं.

"काय न्हाई. गाठ सैल हाय."

आता खरी चूक पाहा. दुसरा कुणी शेतकरी असता तर दगड उपटून फेकला असता आणि भावाच्या नावानं शंख केला असता. गुंडा गवंडी होता. त्याच्या डोक्यात एकच आलं, नकाशा क्रांतीनं काढलाय, तो चुकणार नाही. दगड नकाशावरून रोवलेत. म्हणजे चुकलो मी. त्या दिवशी फाल्गुनात मीच दोरी वाकडी ताणली. त्यानं आपला सागवानी गुण्या उन्हात धरून न्याहाळला. तीस वर्षांचं लाकूड, पिळलं असेल. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणत त्यानं तो कुडाला टेकवून ठेवला आणि नव्या दोन फळ्या तीन-चार-पाचच्या मापानं ठोकून नवा गुण्या केला. नव्यानंही तेच सांगितलं. मग त्यानं डोळ्यांवर आळ घेतला. वय झालं, उन्हानं नजर फिरली.

तीन दिवस तो त्या दगडांच्या रेघेला धरून पश्चिमेचा चर खणत होता. खाली कठीण मुरूम. टिकाव आपटला की हातातून खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. तळहाताचे जुने घट्टे फुटून नवे फोड आले. बनूबाई पाट्या भरून माती उचलत होती. तिच्या कमरेत उसण भरली तरी ती खाली बसली नाही. नवऱ्याचं घर बांधायला तीस वर्षं थांबली होती ती.

चौथ्या दिवशी चारी चरांची चुन्याची फक्की मारून झाली, आणि गुंडानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेतली. चौकोन गुण्यात असेल तर दोन्ही तिरकी मापं सारखी भरतात, हे त्याच्या हाताखालच्या बिगाऱ्यालाही ठाऊक होतं. एक माप दुसऱ्यापेक्षा दीड फूट जास्त भरलं. गुंडा फक्कीनं पांढऱ्या झालेल्या हातांनी डोकं धरून खाली बसला.

बनूबाई जवळ येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "समद्याला गुण्या लावलासा. त्या नकाशाला लावून बघा की एकदा."

"पोरीच्या कामावर संशेव घेतीस?" गुंडा तिच्यावर खेकसला.

"लावून बघाया काय जातंय? माझ्या पोटची हाय ती बी."

तिनं ट्रंकेच्या तळातून कंपासपेटी काढली. करकटक मोडलं होतं, पण गुण्ये दोन्ही धड होते. गुंडानं पाट घेतला, त्यावर नकाशा पसरला. चष्मा लावला. साठ अंशाचा गुण्या सडकेच्या रेघेला लावून दाबून धरला. दुसरा त्याच्या कडेवर उभा ठेवला आणि हळूहळू वाटणीच्या रेघेपर्यंत सरकवत नेला. खाली, सडकेजवळ, रेघ आणि गुण्याची कड एक झाली. वर जाताना रेघ कड सोडून उजवीकडे, त्याच्या वाटणीत घुसत गेली. शेवटी किती अंतर राहिलं ते त्यानं मोजलं नाही. दोन सुतं. बघताच कळलं.

गुण्याच खोटा असेल, असं म्हणून त्यानं तो पालथा केला. गुण्या खरा असेल तर उलटा केला तरी तीच रेघ देतो. तीच दिली. दोन सुतं.

मागच्या बाजूची मापं नकाशात लिहिलेली नव्हती. ती का नव्हती हेही आता त्याला कळलं. कागदावरची दोन सुतं, जमिनीवर बोरजवळ साडेतीन फुटांहून जास्त होतात. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, रेखाटन क्रांती.

सयाजी त्याच आठवड्यात आला. बोरजवळ स्टार्टरची नवी पेटी बसवायला त्यानं वायरमन आणला होता. पेटीला कुलूप होतं. गुंडा चरातून वर आला, तसाच, अंगभर मुरूम घेऊन.

"सयाजी, रेघ वाकडी गेलीया रं."

"नकाशाप्रमाणं हाय दादा."

"नकाशाच वाकडा हाय. आपलं काय ठरलं हुतं? तू टेप धरला हुतास."

सयाजीनं वायरमनला पलीकडे पाठवलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, सही तुजी हाय. तीन ठिकाणी हाय. मी काय तुजा हात धरला हुता? आन नकाशा काय परक्यानं काढलाय? तुझ्या लेकीनंच काढलाय."

"तिला तू सांगितलंस."

"सांगितलं. बिनपाण्याचं गाळं कोण घेणार माझं? तुला पाणी नगं का म्हणतोय मी? घेऊन जा की घागर-दोन घागरी. चावी वहिनीकडं देऊन ठेवतो पायजे तर." आणि गुंडाच्या खांद्यावरचा मुरूम झटकायला त्यानं हात पुढे केला. गुंडानं तो हात टाळला. खांद्यावर खेळवलेला भाऊ, पण त्या क्षणी त्याचा हात अंगाला लागू नये असं त्याला मनापासून वाटलं.

चावी बनूबाईनं घेतली नाही. ती टँकरच्या रांगेत उभी राहिली.

शनिवारी दुपारच्या एसटीनं क्रांती आली. आईनं फोन केला होता. गुंडा वाकडा खणलेला चर बुजवत होता. ती चराच्या काठावर उभी राहिली, पाठीवर सॅक, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. खोऱ्याचे आठ-दहा घाव झाले तरी बापानं वर पाहिलं नाही.

"आबा."

"किती अंशाची वाकडी काढलीस?"

ती म्हणाली, "तीन."

"पेन्शील सरकली आसंल." गुंडानं आता वर पाहिलं. त्याच्या आवाजात अजून जागा होती. "गुण्या हलला आसंल. हुतं कवा कवा."

क्रांतीला व्हय म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "न्हाई आबा. पेन्शील सरकली न्हाई."

खोऱ्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून गुंडा उभा राहिला.

"आमी समदं कॉम्प्युटरवर काढतो," ती बोलू लागली, एकदा सुरू केल्यावर थांबेना. "तात्या म्हणालं, ह्यो हातानं काढ. दादाला तुजा हात वळखू यील. मी म्हणलं, तात्या, रेघ वाकडी हुतीया, आबांच्या ध्येनात यील. ते म्हणालं, यायचं न्हाई. माझी तीन वरसं ह्या म्हैन्यात सपत्यात आबा. कायम करायच्या कागदावर तात्यांची सही लागती. त्यांच्या घरात ऱ्हाती मी. त्यांच्या ताटात जेवती. काय करू?"

"मला फोन करायचास."

"केला हुता. दोनदा केला. तुमी म्हणाला, तात्या सांगंल तसं कर."

हे खरं होतं. गुंडाला आठवलं. तो हसत हसत म्हणाला होता, वर म्हणाला होता की चुलत्याचं ऐकत जा.

"मला वाटलं तुमी बघशीला," क्रांतीचा आवाज फुटला. "तुमच्या नजरंला अर्धं सूत कळतंय. कागद हातात आला की आधी गुण्या लावशीला, मग सही करशीला, आसं वाटलं मला. मग आपूआप भांडं फुटलं आसतं. माझ्यावर काय आलं नसतं."

"तुझा हात दिसला," गुंडा म्हणाला. "म्हणून बघितलं न्हाई."

गुंडाला पोरीचा राग यायला पाहिजे होता. तो येत नव्हता. आत नुसतं काहीतरी निखळून पडल्यासारखं झालं होतं आणि ते उचलायला वाकायची ताकद नव्हती. शेवटी त्यानं विचारलं, "वडूजला यीऊन सांगशील? नकाशा तात्यानं सांगितला म्हणून आसा काढला. माझा बा फसला. एवढंच."

क्रांती सॅकचा पट्टा बोटांनी घट्ट करत राहिली, सैल करत राहिली. तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं. गुंडानं वाट पाहिली. भिंत बांधताना सिमेंट धरायची वाट बघतो तितकी शांतपणे पाहिली.

"जा," तो म्हणाला. "साडेचारची गाडी गावायची न्हाई." आणि खोरं चरात घातलं.

त्यानं दुसरा चर खणला, सडकेला नेमका काटकोनात. वाकड्या हद्दीला धरून वाकडं घर बांधणं त्याच्या हातून होणारच नव्हतं. बोर गेली होती, निदान भिंत तरी सरळ उभी राहू दे. बांधकामाला पाणी टँकरवाल्याच्या पाया पडून आणलं, चार बॅरल आज, दोन परवा. जोत्यापर्यंत काम आलं तेव्हा गावाच्या डोळ्यांत भरलं. गुंडाची भिंत आणि सयाजीनं हद्दीवर घातलेलं कंपाऊंड यांच्यात जमिनीची एक पाचर उरली होती. सडकेकडे रुंद, मागे निमुळती होत गेलेली. आंधळ्यालाही दिसावी अशी.

शाळेची नवी खोली मंजूर झाली होती, आणि शाळा समितीचा अध्यक्ष तानाजी पाया आखायचा दिवस ठरवायला गुंडाकडे आला. बरोबर चारजण होते. बोलता बोलता सगळे त्या पाचरीकडे बघत होते. तानाजी सुभेदार होऊन फौजेतून परत आलेला, बोलणं सरळ.

"गुंडाभाऊ, हे काय वो? सयाजी तर सांगतोय, हद्दीची दोरी तुमीच ताणली. मग तुमची भिंत आन तुमचीच दोरी जुळंना कशी? का नकाशा चुकलाय? क्रांतीनं काढला म्हणं."

बनूबाई चुलीपाशी होती. तिचा हात थांबला.

गुंडानं तोंड उघडलं तेव्हा काय बोलायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. नकाशा चुकलाय म्हणावं तर पाच तोंडांतून ते संध्याकाळपर्यंत वडूजला, दोन दिवसांत शिरवळला. पोरीला रेघ मारता येत नाही, म्हणणार. नाहीतर पोरीनं बापाला लुबाडलं, म्हणणार. दुसरं म्हणणं खरं होतं, म्हणून तर ते त्याला जास्त नको होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"नकाशा बराबर हाय," तो म्हणाला. "दोरी माझी चुकली."

"तुमची?"

"व्हय. नजर ऱ्हायली न्हाई पयल्यासारखी."

तानाजीनं टोपी काढून डोकं खाजवलं. बरोबरच्यांपैकी एकजण दुसरीकडे बघू लागला. "बरं," तानाजी म्हणाला, "दिवस ठरला की सांगावा धाडतो."

सांगावा आला नाही. बैठकीत ठरलं की शाळेचं काम आहे, लहान पोरं बसायची, जोखीम नको. वडूजवरून एक तरणा गवंडी आणला, वीरधवल नावाचा. गुंडाला बिगारी म्हणून यायला सांगितलं, तेही घरी बसून आहे म्हणून दया येऊन. बनूबाई म्हणाली जाऊ नका. तो गेला. काम काम असतं, आणि शाळा गावाची होती.

नारळ फुटला. टॉवेल वीरधवलच्या खांद्यावर पडला. पोरगा चपळ होता, मोबाइलवर गाणं लावून खुंट्या ठोकत होता. "मामा, त्ये टोक धरा जरा," तो गुंडाला म्हणाला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा गुंडानं दुसऱ्याच्या दोरीचं टोक धरलं. ताणलेली दोरी बोटांत आली, आणि त्याच्या बोटांना, डोळ्यांना, मानेला एकदमच कळलं. ईशान्येचा कोपरा बाहेर होता. अर्धा इंच.

त्यानं गप्प राहायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"पोरा, त्यो कोपरा अर्धा इंच भायेर हाय. तीन-चार-पाच लावून बघ."

वीरधवलनं तानाजीकडे पाहिलं. तानाजी जवळ आला. त्याला वाईट वाटत होतं, ते तोंडावर दिसत होतं, आणि तरीही त्यानं मऊ आवाजात सांगायचं ते सांगितलं. भोवतालची माणसं खाली बघत राहिली. गुंडानं मान हलवली आणि दोरीचं टोक खुंटीला बांधून टाकलं, जिथे सांगितलं होतं तिथे.

संध्याकाळी तो घरी आला, पाय धुतले, जोत्यावर बसला. बनूबाईच्या हातात फोन होता. क्रांतीचा. महिनाभर तो तिच्याशी बोलला नव्हता. फोन आला की बनूबाई बोलायची आणि तो उठून जायचा. आज बनूबाईनं विचारलंही नाही, फोन सरळ त्याच्या कानाला लावला.

"आबा," तिकडून आवाज आला. "मला कायम केलं. आजच पत्र मिळालं."

"चांगलं झालं."

"आबा, बोला की काय तरी."

गुंडा समोरच्या पाचरीकडे बघत राहिला. तिच्यात कुणीतरी शेळी सोडली होती.

"शाळंचा पाया आखला आज," तो म्हणाला. "वडूजचा पोरगा आलाता. ईशान्येचा कोपरा अर्धा इंच भायेर गेलाय."

"मग तुमी सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणालं?"

"तानाजी म्हणाला, ऱ्हाऊ द्या गुंडाभाऊ, तुमच्या घराची दोरी समद्या गावानं बघितलीया."

गुंडानं थोडा वेळ फोन तसाच कानाला धरला, मग बनूबाईच्या हातात दिला आणि बॅरलात किती पाणी शिल्लक आहे ते बघायला उठला.